जमाखर्चाची वही : भरल्या दुकानात रिकामी पिशवी



गेल्या महिन्यात आमच्या वन्सं अमेरिकेहून आल्या होत्या. पेनसिल्व्हेनियात असतात त्या, गेली अठरा वर्षं. दुपारची जेवणं उरकली, सासूबाई जरा आडव्या झाल्या, आणि आम्ही दोघी मटार सोलत बसलो. बोलता बोलता वन्सं म्हणाल्या, "आमच्याकडच्या किराणा दुकानात गल्ल्यावर एक बाई असते. दोन मुलं पदरात, नवरा नाही. किती वर्षं तरी बघतेय मी तिला. मागे एकदा तिचं काम संपल्यावर तीच रांगेत माझ्यापुढे उभी. दूध, पाव, बटाटे, मुलांच्या डब्यासाठी चीज. पैसे दिले ते सरकारी अन्नमदतीच्या कार्डानं. साबण आणि सॅनिटरी नॅपकिन मात्र तिनं बाजूला काढून ठेवले. त्या कार्डावर खाण्याच्या वस्तूच मिळतात ना! पर्समधली नाणी मोजली आणि साबण तेवढा घेतला."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. "अमेरिकेत? आणि नोकरी असून?"

आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "आळस असेल, नाहीतर उधळेपणा. दुसरं काय?"

खरं सांगू? माझ्याही मनात तेच आलं होतं. सासूबाई बोलून मोकळ्या झाल्या, इतकंच. पण मग राहवेना. बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलं होतं, त्याचा संसारात कधी नव्हे तो उपयोग करावा म्हटलं. वाचनालयात बसले, वन्संना विचारविचार विचारलं आणि वहीत हिशेब मांडला. तो आज तुमच्यापुढे ठेवते आहे.

आधी गुणाकार नीट करू या

अमेरिकेत केंद्र सरकारनं ठरवलेली किमान मजुरी आहे तासाला सव्वासात डॉलर. आठवड्याला ४० तास आणि वर्षाचे ५२ आठवडे, एकही दिवस खाडा न करता काम केलं, तर वर्षाला होतात १५,०८० डॉलर. आपण लगेच काय करतो? त्याला ऐंशी-पंच्याऐंशीनं गुणतो आणि म्हणतो, "अगंबाई! बारा-तेरा लाख!" मिळकतीला गुणतो, पण खर्चाला गुणायचं विसरतो. ती बाई घरभाडं डॉलरात भरते, डॉक्टरही डॉलरात, पाळणाघरही डॉलरात. तिच्या पदराला बांधलेला डॉलर तिथल्या बाजारात रुपयासारखाच भराभर संपतो.

आता तिथल्याच मापानं मोजू. २०२५ साली सरकारी दारिद्र्यरेषा दोन माणसांच्या घराला वर्षाला २१,१५० डॉलर आणि तीन माणसांच्या घराला २६,६५० डॉलर होती. म्हणजे एक आई आणि एक मूल असलं, आई वर्षभर पूर्णवेळ राबली, तरी सव्वासातच्या दरानं ती रेषेच्या सहा हजार डॉलर खालीच!

अगदी सव्वासातवर काम करणारे आता फार थोडे आहेत, तासावर काम करणाऱ्या शंभरांत एखादा. वन्संच्या दुकानातल्या बाईला बारा डॉलर मिळतात. बारानं पूर्णवेळ काम केलं तर वर्षाचे २४,९६० होतात. आई आणि दोन मुलं, म्हणजे तरीही रेषेखालीच. आणि तिला पूर्णवेळ काम मिळतच नाही. आठवड्याचे अठ्ठावीस तास! त्याचे झाले साडेसतरा हजार.

अठ्ठावीसच का, हेही ऐका. २०१० च्या आरोग्यविमा कायद्यानुसार मोठ्या मालकानं आठवड्याला ३० तास किंवा जास्त काम करणाऱ्याला विमा देऊ करावा लागतो, नाहीतर दंड. मग तीस तासांची वेळच येऊ द्यायची नाही, अशी युक्ती काही मालक करतात. कायदा चांगल्यासाठी केला, पण कुंपणाच्या फटीतून वाट काढणारे असतातच. शिवाय कुठले तास मिळतील हे बऱ्याचदा थोडेच दिवस आधी कळतं. त्यामुळे दुसरी नोकरीही धड धरता येत नाही.

अमेरिकेच्या श्रम खात्याची व्याख्या आहे: वर्षातले निदान २७ आठवडे जो कामावर किंवा कामाच्या शोधात होता आणि तरी ज्याचं घर दारिद्र्यरेषेखाली राहिलं, तो "काम करणारा गरीब". २०२१ साली असे सुमारे ६४ लाख लोक होते. आळशी माणसं या मोजणीत नाहीत, बरं का!

स्वयंपाकघरातून निघालेली रेषा

ही दारिद्र्यरेषा आखली कुणी, हे वाचून मला फार नवल वाटलं. एका बाईनं! मॉली ओर्शान्स्की तिचं नाव. १९१५ साली न्यूयॉर्कमध्ये, बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या गरीब घरात जन्मली. सरकारी नोकरीत, आधी शेती खात्यात आणि मग सामाजिक सुरक्षा खात्यात होती. १९६३-६४ च्या सुमाराला तिनं काय केलं, तर शेती खात्याच्या गृहविज्ञानवाल्यांनी बेतलेला सर्वांत काटकसरीचा जेवणखर्च घेतला. १९५५ च्या पाहणीत दिसलं होतं की सरासरी कुटुंब मिळकतीचा तिसरा हिस्सा जेवणावर खर्च करतं. म्हणून तिनं त्या जेवणखर्चाला तीननं गुणलं. झाली दारिद्र्यरेषा! १९६९ मध्ये सरकारनं ती अधिकृत ठरवली.

आपल्याला हे गणित चटकन कळतं, कारण आपण तेच करतो. वाण्याचं बिल किती, त्यावरून महिन्याचा अंदाज. पण त्यातल्या दोन खोचा पाहा. पहिली म्हणजे, तो काटकसरीचा बेत खात्यानं "हात आखडता असेल तेव्हा, तात्पुरता" म्हणून आखला होता. चार दिवस पिठलं-भातावर काढणं वेगळं आणि आयुष्यभर काढणं वेगळं. दुसरी म्हणजे, आता तिथलं सरासरी कुटुंब खर्चाचा सुमारे आठवा हिस्साच जेवणावर घालवतं. जेवण त्या मानानं स्वस्त झालं. महाग झालं ते घर, दवाखाना, पाळणाघर. रेषा मात्र फक्त महागाईच्या हिशेबानं वर सरकते, मूळ गुणाकार तोच आहे. म्हणून रेषेच्या जरा वर असलेलं घर सुखात असतं असं मुळीच नाही.

तुमच्याही वहीत करून पाहा हं. किराणा, भाजी, दूध यांची बेरीज एकूण खर्चाचा कितवा हिस्सा येते? माझी आली ती पाहून मीच चकित झाले. फी आणि घराचा हप्ता यांनी किराण्याला केव्हाच मागे टाकलं आहे.

मजुरी वाढली का नाही?

किमान मजुरीचा कायदा तिथं आला १९३८ साली, तासाला २५ सेंटांवर. त्यामागेही एक बाई होती, श्रममंत्री फ्रान्सिस पर्किन्स. अमेरिकेच्या मंत्रिमंडळातली पहिली स्त्री. २५ मार्च १९११ ला न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली, १४६ जीव गेले, बहुतेक तरुण शिवणकाम करणाऱ्या पोरी. ती आग तिनं डोळ्यांनी पाहिली होती आणि ती ते कधी विसरली नाही.

पण त्या कायद्यात सुरुवातीला शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बाया घेतल्याच नव्हत्या. दक्षिणेकडे ही कामं मुख्यत्वे काळ्या लोकांकडे होती, हे ध्यानात घ्या. घरकामवाल्या बायकांना त्या कायद्याचं छत्र मिळालं १९७४ मध्ये. छत्तीस वर्षांनी! २८ ऑगस्ट १९६३ चा वॉशिंग्टनचा मोर्चा आपल्याला मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणामुळे माहीत असतो. तो "रोजगार आणि स्वातंत्र्य" यांसाठी होता आणि त्यातली एक मागणी तासाला दोन डॉलर किमान मजुरीची होती, हे मला तरी आत्ताच कळलं. १९६८ मध्ये किंग मेम्फिसला गेले होते तेही कचरा उचलणाऱ्या संपकरी कामगारांसाठी. पूर्णवेळ काम करून त्यांच्यातल्या कितीतरी जणांना सरकारी मदतीवर घर चालवावं लागत होतं. तिथंच ४ एप्रिलला किंग यांची हत्या झाली.

त्याच १९६८ साली किमान मजुरी होती एक डॉलर साठ सेंट. आजच्या भावानं ते चौदा डॉलरांहून अधिक होतात. म्हणजे साठ वर्षांपूर्वीच्या झाडूवाल्याची कायदेशीर किमान मजुरी आजच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट मोलाची होती! कारण साधं आहे. या मजुरीला महागाई भत्ता जोडलेला नाही. म्हाताऱ्यांच्या पेन्शनला १९७२ च्या कायद्यानं तो जोडला, मजुरीला नाही. संसद वाढवेल तेव्हाच ती वाढायची. शेवटची वाढ जुलै २००९ मधली. तेव्हापासून २०२५ पर्यंत महागाईनं तिचा जवळजवळ तिसरा हिस्सा खाऊन टाकला. हॉटेलात वाढणाऱ्यांची गोष्ट याहून वाईट. टिप मिळते म्हणून मालकानं स्वतःच्या खिशातून द्यायचा केंद्राचा दर २ डॉलर १३ सेंट, तोही १९९१ पासून तसाच. टिप धरून किमान मजुरी भरली नाही तर उरलेले मालकानं घालायचे असतात, पण त्यासाठी भांडणार कोण?

राज्यं आपापली जास्त मजुरी ठरवू शकतात, बरीच ठरवतातही. वन्संच्या पेनसिल्व्हेनियात २०२५ सालीही सव्वासातच होती. डेलावेअर नदी ओलांडून न्यू जर्सीत गेलं की त्याच वर्षी १५ डॉलर ४९ सेंट. तेच काम, तोच पाव, तोच गल्ला. मध्ये फक्त एक नदी!

दुसरं कारण संघटनांचं. १९५० च्या दशकात तिथला जवळजवळ तिसरा कामगार युनियनमध्ये होता. आता दहातला एक आणि खाजगी नोकऱ्यांत तर शंभरांत सहा. १९४७ च्या टाफ्ट-हार्टले कायद्यानं युनियनच्या हातातली हत्यारं कमी केली. ऑगस्ट १९८१ मध्ये विमानतळांवरच्या वाहतूक नियंत्रकांनी संप केला, तेव्हा अध्यक्ष रेगन यांनी अकरा हजारांहून जास्त लोकांना एका फटक्यात काढून टाकलं. ते पाहून खाजगी मालकांनाही धीर आला. एकटी बाई साहेबाच्या खोलीत जाऊन पगार वाढवून मागते आणि दोनशे बाया मिळून मागतात, यात किती फरक पडतो ते आपल्याला सांगायला नको.

तिसरं कारखान्यांचं. १९७९ मध्ये तिथं कारखान्यांत सुमारे एक कोटी पंच्याण्णव लाख लोक कामाला होते, आज एक कोटी तीस लाखांच्या आत आहेत. काही काम यंत्रांनी घेतलं, काही बाहेरच्या देशांनी. २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला, त्यानंतर तर फारच. फार न शिकलेल्या माणसाला घर चालवता येईल असा पगार देणारी कामं गेली. त्यांच्या जागी आली ती दुकानातली, हॉटेलातली, गोदामातली आणि म्हाताऱ्यांची शुश्रूषा करण्याची कामं.

गरिबीचा खर्च जास्त

बार्बरा एरनराइक नावाची एक लेखिका होती, विज्ञानात डॉक्टरेट केलेली. १९९८ पासून तिनं आपली ओळख बाजूला ठेवून साधी कामं करून पाहिली. फ्लोरिडात हॉटेलात वाढपीण, मेनमध्ये लोकांची घरं पुसणारी, मिनेसोटात दुकानात कपड्यांच्या घड्या घालणारी. त्यावर तिनं २००१ मध्ये "निकल अँड डाइम्ड" हे पुस्तक लिहिलं. तिला काय आढळलं, तर एका नोकरीत भाडं निघत नाही. ज्यांच्याजवळ घराच्या डिपॉझिटचे पैसे एकरकमी नसतात, ते आठवड्याच्या भाड्यानं लॉजमध्ये राहतात, आणि ते महिन्याच्या भाड्याहून महाग पडतं. तिथं शेगडी नाही, फ्रीज नाही. म्हणजे डाळ शिजत घालून स्वस्तात भागवायची सोय नाही, विकतचं खा! आपण ज्या काटकसरीच्या युक्त्या या पानावर एकमेकींना सांगतो, त्यांतली एकही चार भिंती आणि एक शेगडी असल्याशिवाय चालत नाही. हे वाचलं आणि मी जरा वेळ गप्पच बसले.

बायकांना तर दुहेरी मार. मुलांना ठेवायचं कुठं? १९७१ मध्ये देशभर बालसंगोपन केंद्रं काढण्याचा कायदा दोन्ही सभागृहांनी मंजूर केला होता. अध्यक्ष निक्सन यांनी तो नाकारला. बाळंतपणाची भरपगारी रजा देणारा देशव्यापी कायदा खाजगी नोकरीतल्या बाईसाठी तिथं नाहीच. १९९३ च्या कायद्यानं बारा आठवड्यांची रजा मिळते, तीही बिनपगारी आणि ५० किंवा जास्त माणसं असलेल्या मालकाकडे. जिच्या घरी महिनाअखेर चार डॉलर उरत नाहीत, ती बिनपगारी रजा घेऊन काय करील?

"पण मजुरी वाढवली तर कामं जातील"

हे आमच्या ह्यांचं म्हणणं. हिशेब मांडला तेव्हा ते पेपर वाचता वाचता म्हणाले. प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर शोधायला दोन अर्थशास्त्रज्ञ नेमके त्याच नदीवर गेले होते! एप्रिल १९९२ मध्ये न्यू जर्सीनं मजुरी सव्वाचार डॉलरांवरून पाच डॉलर पाच सेंटांवर नेली, पेनसिल्व्हेनियात ती तशीच राहिली. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी दोन्ही तीरांवरची ४१० खाद्यगृहं तपासली. न्यू जर्सीत कामं कमी झालेली दिसली नाहीत. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. सगळ्याच तज्ज्ञांना हे पटलं आहे असं नाही, आणि एकदम फार मोठी वाढ केली तर काय होईल हा वाद चालूच आहे. पण "वाढवली की कामं गेलीच" असं डोळे मिटून म्हणता येत नाही, एवढं नक्की. ह्यांनी "हं" म्हटलं आणि पान उलटलं. आमच्या घरी याला मान्यता म्हणतात!

सासूबाईंचा आक्षेप दुसरा: "शिकायचं होतं, म्हणजे असली कामं करावी लागली नसती." मी स्वतः शिकवते, शिक्षणाला कशी नाही म्हणू? शिकलेली एक मुलगी त्या गल्ल्यावरून उठून चांगल्या नोकरीत जाईलही. पण गल्ला तिथंच राहतो आणि त्यावर दुसरी कुणी तरी येऊन बसते. आजारी म्हाताऱ्याला आंघोळ घालायला कुणीतरी लागतंच. ते काम इतकं गरजेचं आहे, तर ते करणारीनं उपाशी का राहावं?

आणि हे बदलत नाही असंही नाही. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या शंभरातल्या पस्तीस वृद्धांच्या घरी गरिबी होती. पेन्शन वाढवली आणि आता ते प्रमाण दहाच्या आसपास आहे. २०२१ मध्ये सरकारनं मुलं असलेल्या घरांना सहा महिने दर महिन्याला मुलामागे अडीचशे-तीनशे डॉलर दिले. नव्या पद्धतीच्या मोजणीनुसार त्या वर्षी गरीब मुलांचं प्रमाण शंभरात पाचवर आलं. मदत बंद झाली, आणि २०२२ मध्ये ते पुन्हा बारावर गेलं. एका वर्षात त्या आया काही आळशी झाल्या नव्हत्या!

आता घरचा हिशेब

इथवर लिहून मी वही मिटणार होते. तेवढ्यात मागचं दार वाजलं. आमच्या कामाच्या मावशी. भांडी घासायला बसल्या आणि नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, या दिवाळीपासून थोडं वाढवून देता का?"

माझ्या तोंडावर उत्तर तयार होतं: "बघू." तीन वर्षं मी तेच उत्तर देत होते. वही उघडीच होती, म्हणून मागची पानं चाळली. तीन वर्षांत दूध किती वाढलं, गॅस किती वाढला, सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं. मावशींच्या नावापुढचा आकडा तेवढा तसाच. अमेरिकेच्या संसदेला मी नावं ठेवत होते, आणि माझ्या स्वयंपाकघरातली संसद तरी काय वेगळं करत होती?

आणि गंमत ऐका. मी शाळेत तासांवर शिकवते. मे महिन्याची सुट्टी लागली की माझा पगार थांबतो. "पोट काही सुट्टीवर जात नाही," असं मी दर वर्षी ह्यांच्याजवळ कुरकुरते. आणि आम्ही गावाला गेलो की मावशींचे तेवढ्या दिवसांचे पैसे मी कापत आले. कारकुनी सफाईनं, दिवस मोजून!

मावशींना त्या दिवशी वाढ दिली. मागच्या तीन वर्षांची भरपाई एकदम देता आली नाही. आमचंही घर पगारावरच चालतं, खोटं कशाला सांगू? पण वहीत आता एक पान त्यांच्या नावाचं केलं आहे. तुम्हीही करून पाहा. त्यावर चार गोष्टी लिहा. शेवटची वाढ कोणत्या तारखेला दिली, ती तारीख. दर वर्षी वाढ कधी द्यायची, तो दिवस. पाडवा किंवा दिवाळी, म्हणजे त्यांना मागावं लागणार नाही. महिन्याच्या किती भरपगारी सुट्ट्या, तो आकडा. आणि आपण गावाला गेलो तर पैसे कापायचे नाहीत, हे वाक्य.

वन्सं परत गेल्या. परवा फोनवर त्यांना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, त्या गल्ल्यावरच्या बाईला मी इतकी वर्षं नुसतं 'थँक यू' म्हणत आले. परवा पहिल्यांदा विचारलं, मुलं कशी आहेत म्हणून. मोठी नर्सिंगला जायचं म्हणतेय म्हणे." मी म्हटलं, जाऊ दे हो, जाऊ दे. पण तिच्या आईला साबण आणि नॅपकिन यांतलं एकच निवडावं लागू नये, एवढंही व्हायला हवं.

तुमच्या वहीत किराण्याचा हिस्सा कितवा आला, ते मला जरूर कळवा. आणि मावशींच्या पानावर तारीख काय निघाली, तेही. लाजू नका, माझी तर तीन वर्षांपूर्वीची होती!